तापलेलं इंजिन: किल्ली फिरवायच्या आधी

"मेस्त्री, काटा पार लालमध्ये गेला होता. गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो. आता गार झालीय. सुरू करून बघू का?"

एप्रिल-मे लागला की असे फोन येतातच. बहुतेक पसरणी घाटातून. मागून मुलांचा आवाज येत असतो, बोलणारा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला माझ्याकडून एकच शब्द ऐकायचा असतो: "बघा." मी तो शब्द देत नाही. नका बघू. किल्लीला हात लावू नका. टोचन करून आणा किंवा तिथेच झाडाखाली लावून या, आपण उद्या बघू.

मी एवढा हट्ट का धरतो ते सांगतो. इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधली पातळ पट्टी, गेलं असेल, तर गाडी उभी असताना पाणी हळूहळू सिलिंडरमध्ये उतरतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. अशा वेळी स्टार्टर मारला की पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणजे गॅस्केट आणि हेडवर भागलं असतं ते काम खालच्या अर्ध्या इंजिनापर्यंत जातं. दुसरं, पाणी चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरून ऑइलमध्ये मिसळलं असेल तर बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि दोन-चार मिनिटं चाललेलं इंजिनही आतून ओरखडतं. तापलेल्या गाडीला करता येणाऱ्या सगळ्या तपासण्यांत सर्वात महाग तपासणी म्हणजे ही "सुरू करून बघणं".

साताऱ्यात महामार्गाच्या कडेला माझं गॅरेज आहे आणि आपल्याकडे कुठेही जा, घाट लागतोच. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा आहे, पण पुण्याकडून घाटरस्त्याने येताना खंबाटकी चढावी लागते. वाईहून पाचगणीला पसरणी, कासला यवतेश्वर, मेढ्याहून महाबळेश्वरला केळघर. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलं येतात तेव्हा तर मे महिन्यापेक्षाही वाईट. बाहेर गारवा असतो म्हणून कुणाच्या मनातही येत नाही. पण गाड्या एकामागे एक, पहिल्या गिअरमध्ये, आत एसी चालू. सपाट रस्त्याला साठच्या वेगात समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो. घाटातल्या रांगेत ते सगळं काम एकट्या पंख्यावर येतं. पंख्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) गेलेला असेल तर गावात महिनोन्महिने कळत नाही, घाटात दहा मिनिटांत कळतं.

उंचीचाही एक भाग आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. इंजिनमधलं पाणी तर चांगल्या गाडीतही ९०-१०० अंशांवर असतं. मग ते उकळत का नाही? कारण रेडिएटरचं झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली पाण्याचा उकळबिंदू १२० अंशांच्या घरात जातो. अर्धं पाणी, अर्धं कुलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळायचं रसायन) असेल तर आणखी वर. त्या झाकणाचा रबर चिरला की हे सगळं गणित कोसळतं. लोक बॉनेट उघडून इंजिनकडे बघतात, झाकणाकडे कुणी बघत नाही.

गाडी गॅरेजला आली की मी आधी पान्याला हात लावत नाही, मालकाशी बोलतो. काटा लालमध्ये किती वेळ होता? लाल दिसल्यावर किती अंतर चालवली? एसीतून गरम हवा यायला लागली होती का? गरम इंजिनवर गार पाणी ओतलं का? आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न: काटा मध्येच एकदम खाली आला का?

या शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं की मला काळजी वाटते. पुष्कळ जण आनंदाने सांगतात, "वर गेला होता, पण मग आपोआप उतरला, म्हणून तसंच आलो." तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी संपलं की तो कोरडा, हवेत लटकतो आणि खोटं सांगायला लागतो. काटा उतरला म्हणजे इंजिन गार झालं असं नव्हे. मोजायला पाणीच उरलं नाही, असं असू शकतं. आजकालच्या कितीतरी छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त गार असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा. तिथे मालकाला सांगता येत नाही, म्हणून मी गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावतो. पी ०२१७ हा कोड मिळाला तर इंजिनने स्वतः नोंद केलेली असते की तापमान हद्दीबाहेर गेलं होतं. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, तापमान किती होतं, हेही कित्येकदा मिळतं. कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका गाडीवरून सगळं सांगतो, म्हणजे क्रम नीट कळेल. कोरेगावचे एक शिक्षक, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, घरच्यांना घेऊन पाचगणीला निघालेले. वाफ दिसली तशी सरांनी दोन वळणांच्या आत गाडी बाजूला घेऊन बंद केली. त्यांना दुसरीकडे कुणीतरी बॉनेटही न उघडता सांगितलं होतं की अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आहे, एकदा तापलं म्हणजे गेलं, लाखाच्या वर खर्च धरा. सर माझ्याकडे आले तेव्हा गाडी विकायचा विचार करत होते. मी म्हणालो, "सर, एक रात्र द्या मला. उद्या सकाळी तुम्ही स्वतः इथे उभे राहा. जे बघायचं ते दोघं मिळून बघू."

रात्र मागण्याला कारण आहे. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं, हे तर झालंच. पण रात्रभर गाडी सपाट जागेवर उभी राहिली की ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर ते तळाशी बसतं, कारण ते जड. सकाळी चेंबरचा नट मी पूर्ण काढत नाही, फक्त सैल करतो आणि खाली स्वच्छ भांडं धरतो. आधी पाण्याचे थेंब आले तर प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. सरांच्या गाडीतून थेट ऑइल आलं, काळं आणि निखळ.

डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला की पाणी मिसळलेलं आहे, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण ऑइल भरायच्या झाकणाखालच्या पांढुरक्या सायीला मात्र लोक उगीच घाबरतात. पावसाळ्यात आपल्याकडे, त्यातून महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पूर्ण तापत नाही, आतली ओल उडून जात नाही आणि झाकणाखाली साय धरते. डिपस्टिक स्वच्छ, कुलंटची पातळी जागेवर आणि फक्त झाकणाखाली साय, एवढ्यावरून हेड खोलायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. उलट कुलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल तर तो गंभीर; तरीही डिझेल गाडीत तो हेड गॅस्केटऐवजी ऑइल कूलर फुटूनही येऊ शकतो. कूलर बदलणं आणि हेड उतरवणं यांच्या खर्चात फार अंतर आहे, म्हणून आधी कूलर बघावा.

मग सरांच्या गाडीचे चारही प्लग काढले. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं तिथला प्लग इतरांपेक्षा वेगळा, वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. छोटा कॅमेरा आत घातला की पिस्टनचा माथाही दिसतो: तीन काळे आणि एक लख्ख, असं दिसलं तर तो लख्ख पिस्टन आपला गुन्हेगार. सरांचे चारही सारखेच काजळलेले होते. मी त्यांना मोबाइलच्या पडद्यावर एकेक दाखवला. त्यानंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. कुठे अडकत नाही, खरवडत नाही, प्लगच्या भोकातून पाणी उडत नाही, हे हाताला कळतं. इथपर्यंत किल्ली खिशातच होती.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, घेताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी, सगळे प्लग काढलेले हवेत, पेट्रोल आणि इग्निशन बंद हवं आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. नाहीतर आकडे फसवतात. पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) येतो, डिझेलला ३५० ते ४५० च्या आसपास. पण नुसता आकडा बघून मी निर्णय करत नाही. चारही एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघतो. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्या दोघांच्या मधली गॅस्केटची भिंत जळाली, असं समजायला हरकत नाही. पेट्रोल गाडीत एकच पडला असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. सरांचे चारही आकडे १६८ आणि १७४ च्या मध्ये आले. मी ते एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दिले. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाकावर बसले.

आता पाण्याची बाजू. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा, साधारण १ बार, आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. दाब पडतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जातंय. सरांच्या गाडीत दाब पडला आणि थेंबही दिसला: रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला जाळीच्या जोडापाशी बारीक तडा. पंखा तपासला तर मोटर ठीक, रिले मेलेला. म्हणजे घाटात पंखा फिरला नाही, पाणी तापलं, दाब चढला, जुनं प्लास्टिक फुटलं आणि वाफ बाहेर आली.

एवढं झाल्यावरच इंजिन सुरू केलं, तेही दुसरा रेडिएटर बसवून, नवं ऑइल-फिल्टर घालून, पाणी भरून आणि हवा काढून. शेवटची चाचणी निळ्या पाण्याची. एका नळीत निळं द्रव असतं, ते रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळालेला वायू कुलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा होतो; डिझेलच्या धुरात तो वायू कमी म्हणून रंग हिरव्यावरच थांबतो. नळीत कुलंट ओढलं गेलं तर चाचणी वाया, म्हणून पातळी थोडी खाली ठेवावी. सरांच्या गाडीवर बराच वेळ धरलं, निळं ते निळंच राहिलं. रेडिएटर, रिले, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप), झाकण, कुलंट, ऑइल. एवढ्यावर गाडी घरी गेली. हेडचा एक बोल्टही मी सैल केला नाही.

प्रत्येक वेळी असं होत नाही. भिलारचे एक स्ट्रॉबेरीवाले शेतकरी, त्यांची डिझेल पिकअप. माल गाडीत, वाशीला वेळेत पोचायचं, काटा चढला आणि मग "आपोआप उतरला". ते घाट उतरून, वाई सोडून महामार्गापर्यंत चालवत आले आणि तिथे गाडी बंद पडली. कॉम्प्रेशनमध्ये पहिला आणि चौथा चारशेच्या जवळ, दुसरा-तिसरा अडीचशेच्या आसपास. तिथे हेड उतरवण्याशिवाय मार्ग नव्हता आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मधलेच दोन सिलिंडर का? हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. त्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही, मग ते वाकतं आणि गॅस्केट मधल्या जागी मार खातं. उतरवलेलं हेड स्वच्छ करून त्यावर सरळ पट्टी ठेवायची, लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर, आणि खालून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) सरकवून बघायचा. पुष्कळ इंजिनांना ०.०५ मि.मी.पर्यंतच सूट असते. त्यांच्या हेडखाली ०.१५ ची पाती आरामात गेली. शिवाय दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये तडा होता, तो रंग टाकून तपासल्यावर दिसला.

इथे मला आमच्याच धंद्यातल्या मंडळींना कळकळीने सांगायचं आहे. हेड लेथवर नेऊन फेस मारून (खालची बाजू घासून सपाट करून) आणलं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. खालची बाजू सपाट झाली, पण हेड धनुष्यासारखं वाकलं असेल तर वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या घरांची ओळही वाकलेली असते. फेस मारल्याने ती सरळ होत नाही. कॅम बसवून हाताने फिरतो का बघा. अडकत असेल तर ते हेड लावू नका. डिझेलमध्ये फेस मारायलाच कंपनीची परवानगी नसणारी इंजिनं आहेत, ते पुस्तकात आधी वाचा. ब्लॉकच्या माथ्यावरही पट्टी ठेवा, ते फारच कमी जण करतात. आणि ज्या इंजिनाचे हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात, आधी ठरलेला टॉर्क (पिळाचा जोर) आणि मग अंशात फिरवणं, तिथे जुने बोल्ट पुन्हा वापरू नका. चार पैसे वाचतात आणि गिऱ्हाईक तीन महिन्यांनी परत येतं.

भिलारच्या शेतकऱ्यांना मी जुनं हेड दुरुस्त करणं आणि नवं घालणं, दोन्ही पर्याय मांडून सांगितले. तडा सीटांच्या मध्ये असल्याने मी स्वतः नव्या हेडच्या बाजूने होतो. त्यांनी एक दिवस घेतला, घरी विचारलं आणि नवं हेड घातलं.

तापण्याचं कारण शोधल्याशिवाय गाडी सोडणं मला मान्य नाही. आपल्या भागातली दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. एक, उसाचा हंगाम. ट्रॉल्यांच्या मागून चालताना पाचटाचे तुकडे आणि धूळ पुढून आत जातात आणि एसीची जाळी व रेडिएटरची जाळी यांच्या मधल्या फटीत बसतात. पुढून पाणी मारलं की गाडी स्वच्छ दिसते, मधला थर तसाच राहतो. दोन्ही जाळ्या वेगळ्या करून धुवाव्या लागतात. दुसरं, बोअरचं पाणी. त्यातले क्षार आतल्या नळ्यांमध्ये थर धरतात. कुलंट महाग वाटत असेल तर निदान त्यात मिसळायचं पाणी तरी डिस्टिल्ड घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मी कुणालाच देत नाही. इंजिन कायम गार चालतं, डिझेल-पेट्रोल जास्त खातं, झिजतं. आणि काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता उघडाच राहिल्याने पाणी रेडिएटरकडे पुरेसं जात नाही. बिघडला असेल तर नवा घाला. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तो कधी उघडतो ते बघा. बहुतेक ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतात. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवतात, तेही मी पाहिलंय. आडरानात गावापर्यंत पोचायला चालेल. पण नंतर ती सगळी धुऊन काढा, नाहीतर हीटरच्या बारीक नळ्या बुजतात.

सगळ्या चाचण्या ठीक आल्या तरी पुढचा महिनाभर लक्ष ठेवायचं. कुलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी बघा. सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो पाण्याच्या उष्णतेचा दाब नाही, इतक्या लवकर पाणी तापतच नाही. तो सिलिंडरमधून येणारा दाब आहे. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, ती इंजिन तापल्यावर जाते. गेली नाही आणि तिला गोडसर वास असेल, तर कुलंट जळतंय. निळसर धूर काही आठवड्यांनी दिसायला लागला, तर उष्णतेने व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेत. तो त्रास घाईचा नाही, पण तापण्याशीच जोडलेला आहे. हजारेक किलोमीटर झाले की मी कॉम्प्रेशन पुन्हा घेतो आणि पहिल्या कागदाशेजारी लिहितो. सरांनी तो दुसरा आकडा घ्यायला स्वतःहून फोन केला होता.

तर घाटात वाफ दिसली की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे गाडी उभी करून इंजिन बंद. झाकण उघडायचं नाही, गार पाणी ओतायचं नाही. काटा कुठे होता, किती वेळ होता, ते तिथेच मोबाइलमध्ये लिहून ठेवा, जमलं तर फोटो. आणि माझ्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाही मेस्त्रीकडे आणताना इंजिन धुऊन आणू नका, कारण कुलंट कुठून गळालं त्याचे सुकलेले डाग आम्हाला लागतात.